मांडीवरचें कुत्रें

कुत्रें पाळणें हा विषय आकाशवाणीवरून बोलण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत येईल. हा विषय मला सुचविण्यांत आला तेव्हां माझ्याही मनांत तीच शंका आली होती. आयुष्याचीं छत्तीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत मुलें शिकविण्यांत घालविलीं. माझें स्वतःचें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. मी पशुवैद्य नव्हे कीं शास्त्रज्ञही नव्हे. परंतु गेलीं तीन वर्षें दारव्ह्यांतील आमच्या घरीं दोन किलो वजनाची एक विद्यार्थिनी राहात आहे. तिला शिकवितांना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या सांगितल्या तर दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडतील, एवढ्याच भरंवशावर मी आज बोलावयास बसलों आहें.

ही विद्यार्थिनी म्हणजे चिवावा जातीची एक कुत्री. तिचें नांव मोहरी. जमिनीपासून तिच्या पाठीपर्यंत मोजलें तर एक वीतच भरते. माझा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. तेथें नवरा-बायको दोघेंही सकाळीं कचेरीस जात, नात शाळेंत जाई, आणि मोहरी दिवसभर बंद घरांत एकटी भुंकत बसे. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हां एका उन्हाळ्यांत तिला टोपलींत घालून आमच्याकडे आणण्यांत आलें. गल्लींतील पोरें तिला पाहावयास जमलीं. कोणी तिला उंदीर म्हणालें, कोणी खार म्हणालें.

आमच्या विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो, आणि लहान मुलें चाकांचे लाकडी नंदी सजवून मिरवितात. मोहरीस प्रथम पाहिलें तेव्हां मला त्या लाकडी नंदीचीच आठवण झाली. खऱ्या बैलाचें सारें रूप त्यांत असतें. परंतु त्याला वैरण लागत नाहीं, तो शिंग मारीत नाहीं आणि थकतही नाहीं. आमची पहिली चूक हीच झाली कीं, आम्ही मोहरीस तसेंच चाकांचें खेळणें समजलों.

वास्तविक कुत्रा हा प्राणी आपल्या लोकांस नवा नाहीं. श्रीदत्ताच्या तसबिरींत त्याच्या पायांशीं चार कुत्रीं असतात, आणि तीं चार वेदांचीं रूपें होत असें मानण्याची परंपरा आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, हें जेजुरीस जाऊन आलेल्यांस सांगावयास नको. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुली येथें, छत्रपति शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि आहे. शिकारींत वाघापासून त्यानें महाराजांचा जीव वाचविला असें सांगतात. शेतकऱ्याचा कुत्रा खळ्यावर, धनगराचा मेंढरांमागें, आणि गांवचा कुत्रा दारांत. म्हणजे कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर, आणि त्याचें काम राखणीचें, अशी आपली जुनी समजूत. केवळ मांडीवर बसण्यासाठीं पाळलेलें कुत्रें ही गोष्ट आपल्या मध्यम स्थितींतल्या घरांतून बरीच उशिरा आली.

ती आली ती 'पामेरियन' या नांवानें. पांढऱ्या झुबकेदार केसांचें आणि निमुळत्या तोंडाचें जें कुत्रें आपण गांवोगांव या नांवानें ओळखतों, तें बहुधा खरें पामेरियन नसून भारतीय स्पिट्झ असतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशांतून कुत्रीं आणणें अवघड होतें. त्या काळांत तें आपल्या शहरांतून घरोघर पोंचलें. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या बोलपटांतील टफी याच जातीचा होता. खरें पामेरियन त्याहून पुष्कळ लहान, दीड ते साडेतीन किलोंचें. बाल्टिक समुद्रालगतच्या पोमेरानिया प्रांतावरून त्याचें नांव पडलें. पूर्वी तेंही बरेंच मोठें असे. व्हिक्टोरिया राणीनें १८८८ सालीं इटलींतील फ्लॉरेन्स येथून कांहीं लहान पामेरियन इंग्लंडांत नेलीं, आणि मग लहानांत लहान पामेरियन निपजविण्याची तेथें आवडच उत्पन्न झाली. चिवावा ही जात मेक्सिकोची. त्या देशांतील त्याच नांवाच्या प्रांतावरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती बाहेरच्या जगास ठाऊक झाली. तिचें वजन बहुधा तीन किलोंच्या आंतच असतें.

लांडग्याच्या वंशांत इतका लहान जीव निपजतो कसा, असा प्रश्न कोणासही पडेल. २००७ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं अनेक जातींच्या कुत्र्यांची तपासणी केली. शरीराची वाढ घडवून आणणारें जें एक द्रव्य शरीरांतच तयार होतें, त्याच्याशीं संबंध असलेल्या एकाच जनुकांतील फरक लहान जातींच्या लहानपणास पुष्कळ अंशीं कारण आहे, असें त्यांस आढळलें. पुढें २०२२ सालीं असेंही दिसून आलें कीं, लहानपणाचा हा फरक ५० हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका लांडग्यांतही होता. म्हणजे मनुष्यानें तो निर्माण केला नाहीं; निसर्गांत होता तो निवडून वाढविला. परंतु या निवडीनें लहान झालीं तीं हाडें. वास घेण्याची हौस, सोबतीची ओढ, आपली जागा राखण्याची वृत्ति, भीति, राग आणि शिकण्याची शक्ति या गोष्टी कुत्र्याच्या होत्या तशाच राहिल्या.

याविषयीं ज्यांस संशय असेल त्यांनीं दुसऱ्या महायुद्धांतील स्मोकीची हकीकत ऐकावी. १९४४ सालीं न्यू गिनीच्या जंगलांत अमेरिकन सैनिकांस यॉर्कशायर टेरियर जातीची एक कुत्री सांपडली. तिचें वजन अवघें चार पौंड. विल्यम विन नांवाच्या सैनिकानें ती विकत घेतली आणि आपल्या फावल्या वेळांत तिला शिकविलें. १९४५ च्या जानेवारींत फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावर लिंगायेन येथें विमानांच्या धांवपट्टीखालून टेलिफोनची तार न्यावयाची होती. वाट एकच, सुमारें ७० फूट लांबीची आणि ८ इंच रुंदीची नळी. तीही ठिकठिकाणीं मातीनें अर्धी बुजलेली. जमीन खणावयाची तर माणसांस शत्रूच्या विमानांखालीं दिवसेंदिवस उघड्यावर राहावें लागलें असतें. विननें स्मोकीच्या गळपट्ट्यास दोरी बांधली, स्वतः नळीच्या दुसऱ्या तोंडाशीं गेला आणि तिला हांक मारली. ती त्या अंधारांतून दोरी ओढीत त्याच्याकडे आली. या प्रसंगीं तिचें लहानपण उपयोगी पडलें हें खरें. परंतु हांकेस ओ देण्याचें शिक्षण नसतें, तर त्या लहानपणाचा कांहीं उपयोग झाला नसता.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. मोहरी आली त्याच वर्षींची दिवाळी. मुलगा, सून आणि नात सुटींत घरीं आलीं होतीं, पाहुणेही होते. संध्याकाळीं फराळाच्या वेळीं मोहरी या मांडीवरून त्या मांडीवर फिरविली जात होती. बाहेर फटाके वाजत होते. नातीनें आपल्या बाहुलीचें झबलें तिला चढविलें होतें. मोहरीनें प्रथम तोंड फिरविलें, मग जिभेनें आपलें नाक चाटलें, मग कान मागें पाडले. हें सारें कुत्र्याचें बोलणें होय. "मला आतां पुरें झालें" असा त्याचा अर्थ. आमच्यांपैकीं कोणासच तें वाचतां आलें नाहीं. मग ती गुरगुरली. त्यावर सर्व मंडळी खदखदून हंसलीं. "केवढीशी ती, आणि आव पाहा केवढा!" असें कोणी म्हणालें, आणि ती पुन्हां गुरगुरावी म्हणून एकानें तिच्या नाकासमोर बोट हालविलें. खरें सांगावयाचें तर तो एक जण मीच होतों. पुढच्याच क्षणीं नातीनें तिचा मुका घेण्यासाठीं तोंड जवळ नेलें, आणि मोहरीचे दांत तिच्या ओठाखालीं रुतले.

जखम मोठी नव्हती, परंतु रक्त आलें. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों. अशा वेळीं जखमेवर हळद, तिखट, चुना असें कांहींही लावूं नये. वाहत्या पाण्याखालीं साबण लावून जखम पुरीं पंधरा मिनिटें धुवावी आणि विलंब न करितां दवाखाना गांठावा. कुत्र्यास लस टोचलेली आहे, तें घरचें आहे, तें लहान आहे, यांतील एकही सबब पुरेशी नाहीं. रेबीज म्हणजे पिसाळलेल्या जनावरापासून होणारा रोग. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा हातचा जातोच. मात्र लक्षणें दिसण्यापूर्वीं उपचार झाले तर तो टळतो. १८८५ सालच्या जुलैंत लुई पाश्चरनें जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचून हें प्रथम जगास दाखविलें. आम्ही नातीस त्याच रात्रीं सरकारी रुग्णालयांत नेलें. तेथें लशीचीं इंजेक्शनें सुरू झालीं, आणि जखम तोंडावरची असल्यामुळें तींत तयार प्रतिपिंडांचें औषधही टोचण्यांत आलें. मोहरीस लस टोचलेली होती, तरी तिच्यावर दहा दिवस नजर ठेवण्यास आम्हांस सांगितलें होतें.

ते दहा दिवस आमच्या घरांत कोणी धड जेवलें नाहीं. मोहरी धान्याच्या कोठीमागें जाऊन बसली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, हिला आतां घरांत ठेवणें नको. कोणाच्या तरी शेतावर देऊन टाकूं." दोन किलोंचें कुत्रें शेतावर देणें म्हणजे काय, हें त्यालाही ठाऊक होतें आणि मलाही होतें. उघड्या रानांत तें आठवडाभरही टिकलें नसतें. तरीही मी "नको" म्हणूं शकलों नाहीं. कारण नातीच्या तोंडावरची पट्टी मला समोर दिसत होती. तेवढ्यांत नातच म्हणाली, "आबा, ती आधीं गुरगुरली होती ना? मग आपण हंसलों कां?"

श्रोतेहो, या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. परंतु त्या प्रश्नानें मला माझा जुना वर्ग आठवला. प्रत्येक वर्गांत एक सर्वांत ठेंगणा मुलगा असतो. त्याला राग आला कीं वर्ग हंसतो, आणि पुष्कळदां गुरुजींसही हंसूं आवरत नाहीं. मग एके दिवशीं तो मुलगा पाटी फेकून मारतो. त्या दिवशीं आम्ही पाटी फेकणाऱ्यास शिक्षा करतों. हंसणाऱ्यांस कोणी विचारीत नाहीं. मोहरीच्या जागीं तीस किलोंचा कुत्रा असता आणि तो गुरगुरला असता, तर आमच्यांपैकीं एकही जण हंसला नसता. सर्वांनीं हात आंखडते घेतले असते आणि मुलांस दूर केलें असतें. मोठ्या कुत्र्याचें गुरगुरणें आपण ऐकतों. लहान कुत्र्याचें आपण करमणूक म्हणून पाहतों. आणि शब्द वाया जातात असें एकदां कळलें, म्हणजे तें लहान कुत्रें शब्द सोडून दांतच वापरूं लागतें. लहान कुत्रीं स्वभावतःच चिडखोर असतात असा एक समज आहे. त्यांचें चिडखोरपण पुष्कळ अंशीं आपण त्यांस शिकविलेलें असतें, असें मी आतां अनुभवानें म्हणतों.

अखेर मोहरी राहिली. मात्र त्या दिवसापासून तिचें शिक्षण सुरू झालें, आणि त्याआधीं आमचें. घरच्या सर्वांसाठीं मीं तीन नियम केले. पहिला, ती गुरगुरली तर हंसावयाचें नाहीं आणि रागवावयाचेंही नाहीं. जें चाललें असेल तें थांबवावयाचें. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणें म्हणजे धोक्याची घंटा काढून टाकणें होय. आग तशीच राहते. दुसरा नियम, तिच्या टोपलींत ती असतांना तिला कोणी हात लावावयाचा नाहीं. तिसरा, न सांगतां तिला उचलावयाचें नाहीं. आपल्या उंचीच्या दहापट उंचीवरून एखादा राक्षस खालीं वांकून आपणांस एकाएकीं आकाशांत नेऊं लागला, तर आपली काय अवस्था होईल, याचा विचार करावा. आम्ही तिच्याजवळ खालीं बसून "उचलूं?" असें विचारतों, मग एक हात छातीखालीं आणि दुसरा मागल्या पायांखालीं घालून तिला घेतों. महिनाभरांत त्या शब्दाचा अर्थ तिला कळला. कधीं ती पुढें येते, कधीं पाठ फिरविते. पाठ फिरविली तर तो नकार समजावयाचा.

शिकविण्याची पद्धति आमच्या बालवर्गाहून फारशी निराळी नाहीं. धडा तीन ते पांच मिनिटांचा असावा, दिवसांतून तीन-चार वेळां व्हावा, आणि मुलाचें लक्ष उडण्यापूर्वीं संपावा. कुत्र्यानें योग्य तें केलें कीं त्याच क्षणीं शाबासकी द्यावी. दोन-चार पळें गेलीं तर शाबासकी कशाबद्दल मिळाली हें त्याला उमगत नाहीं. शाबासकी म्हणून उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा, परंतु तो हरभऱ्याच्या डाळीएवढाच. शिकविणाऱ्यानें शक्यतों जमिनीवर बसावें. उभें राहून लहान कुत्र्यास आज्ञा करणें म्हणजे गच्चीवरून वर्ग घेणें होय.

पहिला धडा नांवाचा. "मोहरी" म्हटलें आणि तिनें पाहिलें कीं तुकडा. दुसरा धडा हांकेचा, "ये" म्हटलें कीं येण्याचा. हा धडा सर्वांत महत्त्वाचा, कारण रस्त्यावर मोटार आली किंवा मोकाट कुत्रीं आलीं तर जीव वाचतो तो यामुळेंच. यांत एक पथ्य आहे. "ये" म्हणून बोलावून तिला कधीं रागावूं नये, आणि औषध पाजण्यासारखें नावडतें कामही करूं नये. तसें काम असेल तेव्हां आपण तिच्याकडे जावें. तिसरा धडा "बस". तुकडा नाकापासून डोक्यावरून हळूच मागें नेला कीं कुत्रें आपोआप बसतें. तेंच तें शब्दाशीं जोडतें. दाबून बसविण्याची गरज नाहीं, आणि इतक्या नाजुक कमरेवर हात दाबणें धोक्याचेंही आहे.

स्वच्छतेचा धडा मात्र मला फार जड गेला. मोहरी रात्रीं गादीवर घाण करी. जुन्या समजुतीप्रमाणें मीं तिला त्या जागीं नेऊन रागावलों. परिणाम असा झाला कीं, ती माझ्यादेखत अंगणांत लघवी करीनाशी झाली आणि गुपचुप कोठीमागें करूं लागली. "येथें करूं नको" असें मी शिकवीत होतों; ती "गुरुजींसमोर करूं नको" असें शिकली. विद्यार्थी आपण शिकवितों तें शिकतोच असें नाहीं, हें छत्तीस वर्षांनंतर मला एका कुत्रीनें दाखविलें. मग रीत बदलली. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि रात्रीं निजण्यापूर्वीं तिला परसांत एकाच ठराविक जागीं न्यावयाचें, आणि तेथें काम झालें कीं लगेच शाबासकी. इतक्या लहान कुत्र्याचें मूत्राशयही लहान. मोठ्या कुत्र्याइतका वेळ त्यास दम धरवत नाहीं. पावसाळ्यांत ओल्या गवतांत त्याचें पोट भिजतें, म्हणून पडवींत वर्तमानपत्र घातलेला एक पसरट ट्रे ठेवावा. चुकून घाण झालीच तर न बोलतां पुसून घ्यावी. दोन महिन्यांत गादीचा त्रास संपला.

पुण्यास जिच्यामुळें ती घराबाहेर गेली, ती एकटेपणीं भुंकण्याची संवयही अशीच हळूहळू मोडली. प्रथम मी दाराबाहेर एक मिनिट जाई, मग दोन, मग पांच. ती शांत असतांनाच परत येई. भुंकल्यावर परत गेलों तर भुंकण्यानें माणूस येतो, हाच धडा मिळाला असता. अर्धा तास एकटें राहाण्यास तिला सहा आठवडे लागले. दिवसभर घर बंद ठेवणाऱ्या कुटुंबानें मात्र कितीही शिकविलें तरी हा प्रश्न सुटेल असें मानूं नये. त्यानें कुत्रें न पाळणें हेंच उत्तम.

आतां शरीरासंबंधीं दोन शब्द. लहान कुत्र्यास एकूण अन्न थोडें लागतें, पण वजनाच्या मानानें जास्त लागतें. दोन किलोंच्या कुत्र्यास दिवसाला सुमारें दीडशे ते दोनशे कॅलरी पुरतात. तथापि किलोमागें हिशेब केला तर मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून पिलांस दिवसांतून चार वेळां खावयास द्यावें लागतें. फार वेळ उपाशी राहिलें तर रक्तांतील साखर उतरून पिलूं थरथरतें आणि प्रसंगीं दगावतें. उलट, चहाबरोबरचें एक साधें बिस्कीट सुमारें २५ कॅलरींचें, म्हणजे मोहरीच्या दिवसाच्या अन्नाचा सात-आठवा हिस्सा. घरांतील चौघांनीं कौतुकानें एकेक बिस्कीट दिलें तर काय होतें हें सांगावयास नको. कांदा, द्राक्षें, मनुका आणि चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत. माणसाची तापाची गोळी आपल्या मनानें कधींही देऊं नये. लहान जातींचे दांत लौकर किडतात, दुधाचे दांत वेळेवर पडत नाहींत, गुडघ्याची वाटी सरकते, आणि श्वासनलिका नाजुक असते. म्हणून फिरावयास नेतांना गळपट्ट्यास दोरी न लावतां, दुकानदार ज्यास हार्नेस म्हणतात तो छातीपट्टा वापरावा. पलंगावरून मारलेल्या एका उडीनें पुढचा पाय मोडूं शकतो. आमच्या खाटेशीं यासाठीं एक लाकडी पाट ठेवला आहे. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयास टोचतात आणि पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें ती पुन्हां द्यावी लागते.

आमच्या भागांत उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यांत पारा ४४ अंशांच्या वर जातो. कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाहीं. तें धापा टाकूनच शरीर थंड करितें. शिवाय लहान कुत्र्याचें पोट जमिनीपासून चार बोटें उंचीवर. तापलेल्या रस्त्याची धग त्याला आपल्याहून अधिक लागते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पांच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपणांस सोसवलें नाहीं तर त्यालाही सोसवणार नाहीं. उन्हाळ्यांत मोहरी सूर्योदयापूर्वीं फिरून येते, आणि दुपारीं कूलरच्या खोलींत ओल्या गोणपाटाजवळ पडते. धाप थांबेना, तोंडांतून चिकट लाळ येऊं लागली, तोल जाऊं लागला, तर अंगावर साधें गार पाणी ओतून पंख्याखालीं ठेवावें आणि तसेंच जनावरांच्या दवाखान्यांत न्यावें.

शेवटीं, ज्यांस असें कुत्रें घ्यावयाचें असेल त्यांस एक इशारा. बाजारांत चहाच्या कपांत मावेल अशा पिलांची जाहिरात होते. अशी कोणतीही जात कुत्र्यांच्या मान्यवर संस्थांनीं मानलेली नाहीं. तो विक्रीचा शब्द आहे. पिलूं लहान दिसावें म्हणून तें आईपासून लौकर तोडणें किंवा अर्धपोटीं ठेवणें, असे प्रकार त्यामागें असूं शकतात. २०१७ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांहून लहान पिलूं विकतां येत नाहीं, आणि कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यास नोंदणी करावी लागते. ती नोंदणी विचारावी आणि पिलाची आई डोळ्यांनीं पाहावी. पिलाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या काळांत त्यानें नाना माणसें, आवाज आणि वस्तु निर्भयपणें पाहिल्या तर तें पुढें भित्रें होत नाहीं. आणि भित्रें कुत्रेंच बहुधा चावतें.

गेल्या उन्हाळ्यांत नात पुन्हां दारव्ह्यास आली. ओठाखालीं एक बारीकसा पांढरा वण राहिला आहे. ती पडवींत जमिनीवर बसली, हात पुढें न करितां. मोहरी आली, तिनें तिचे पाय हुंगले, आणि बऱ्याच वेळानें मांडीवर हनुवटी ठेवली. पांच-सात मिनिटांनीं ती उठली आणि आपल्या टोपलींत जाऊन बसली. नातीचा हात तिच्यामागें किंचित् गेला, पण तिनें तो परत घेतला. त्या दिवशीं पडवींत कोणी हंसलें नाहीं.